खांद्याच्या शिवणीखाली चार बोटं

बाबा,

तुमच्या पत्र्याच्या पेटीतला तो इंग्रजी कागद मी आज वाचला. पेटी तुम्ही गेल्यापासून माझ्याकडे आहे, कागद तिच्यातच आहे, आणि मला इंग्रजी नीट वाचता येऊ लागून पस्तीस वर्षं झाली. त्या कागदाच्या भरवशावर वरवट बकालच्या मावशीनं आपला धाकटा मुलगा फौजेत जाऊ दिला. तो परत आला नाही. त्याचा दोष तुम्ही मरेपर्यंत एकट्यानं वागवला. कागदात काय छापलं होतं ते तुम्हाला कधीच कळलं नाही, तेवढं सांगायला बसले आहे. पण ते एकदम सांगता येत नाही. आधी दुकानापासून सुरुवात करावी लागेल.

स्टेशनाकडून देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपला ओटा. पुढे पायाचं मशीन, मागे पडदा, पडद्यामागे चूल आणि मी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तुम्ही बंड्या शिवत होतात, पोलकी शिवत होतात, यात्रेकरूंच्या फाटलेल्या पिशव्या सांधून देत होतात. मग कापड कंट्रोलात गेलं, कार्डावर मोजून मिळू लागलं, आणि नवं शिवायला येणारे थांबले. त्यांच्या जागी फौजी आले. शेगावला गाडीतून उतरायचं आणि गावाकडची बैलगाडी मिळेपर्यंत आपल्या ओट्यावर बसायचं, हा रजेवरच्या शिपायांचा रिवाजच झाला. कोणाची विजार आखूड करायची, कोणाचं बटण. बहुतेकांना बाहीवरचा बिल्ला लावून हवा असे. तळहाताएवढा कापडी तुकडा, त्यावर काहीतरी भरलेलं. किल्ली, तारा, हत्ती, नुसता लाल चौकोनही.

पहिल्या बिल्ल्याला तुम्ही चुकलात. दोन्ही बाह्यांवर हत्तीचं तोंड एकाच बाजूला शिवलंत. तो शिपाई पुढच्या रजेला आला तो हसतच ओट्यावर चढला. "काका, तुमच्यापायी पाठीवर बोजा घेऊन मैदानाचे धा चक्कर मारले म्या. तुमचा एक हत्ती पुढं चालला होता अन् एक मांगं." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. त्याचा सदरा उतरवून घेतलात, दोन्ही बिल्ले उसवलेत, आणि त्या दिवसापासून ओट्यावर येणाऱ्या प्रत्येक फौजीची बाही तुम्ही न बोलता पाहू लागलात. तोंड दोन्हीकडे पुढेच हवं, माणूस चालतो त्या दिशेला. खांद्याच्या शिवणीखाली चार बोटं सोडायची. कडा आत दुमडायची, दोरा बिल्ल्याच्या रंगाचा घ्यायचा, खाकीचा नाही. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पाहून पाहून ठरवलं होतंत.

बदली झालेले शिपाई जुने बिल्ले आपल्याकडेच टाकून जात. तुम्ही ते फेकले नाहीत. मांजरपाटाच्या एका पट्टीवर एकेक शिवून ठेवलात आणि ती पट्टी मशीनमागे टांगलीत. मग लोक ती पाहायला येऊ लागले. ज्यांची मुलं गेली होती ते जास्त येत. पत्रात गावाचं नाव लिहायची मनाई, लिहिलं तर वर काळी शाई फासलेली. रजेवर आलेला मुलगाही सांगत नसे. घरच्यांकडे बाहीवरच्या चित्राशिवाय काहीच नव्हतं. बाया बोटानं दाखवून विचारत, "दादा, हे कुठं असतात? लढतात का मांगं राह्यतात?" तुमचं उत्तर एकच असे. "मले नाई माहीत, माय. मी शिवतो."

ते उत्तर मी मोडलं.

मी माहेरी परत आले तेव्हा सतरा वर्षांची होते. नवरा पटकीनं गेला, सासरी ठेवून घेणारं कोणी उरलं नव्हतं. आई तर त्याच्या आधीच गेली होती. तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. आठ दिवसांनी मला शाळेत नेऊन बसवलंत, दहा वर्षांच्या मुलींमध्ये. भाऊबंद नावं ठेवत होते. तुम्ही त्यांना सांगत होतात, "नवरा गेला तं डोकं थोडीच गेलं तिचं." मी मराठी सातवी पास झाले, मध्यप्रांत आणि वऱ्हाड असा शिक्का असलेला दाखला आला, तो तुम्ही अस्तराच्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवलात. त्यानंतर मास्तरीणबाईंनी हौसेनं मला इंग्रजीची दोन पुस्तकं शिकवली. बकरी, राजा, विहीर, माझं नाव हे आहे. एवढंच मला येत होतं. तुम्ही मात्र गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगत होतात, "माह्या पोरीले इंग्रजी येते." मी पडद्यामागून ऐकत होते. ऐकायला बरं वाटत होतं.

त्याच दिवसांत तुम्ही मला एकदा बोललात. स्टेशनमास्तरांच्या कोटाची बाही मापायला मला सांगितलं होतं. मी नजरेनं अंदाज केला आणि मापली म्हणून सांगितलं. बाही बोटभर आखूड पडली. तुम्ही ओरडला नाहीत. कापलेला तुकडा माझ्या हातात दिलात. "मापलं नाई तं नाई मापलं म्हनाव, माय. कैची चालली का कपडा वापस जुळत नाई." मग दुपारभर बसून तुम्ही त्या बाहीला आतून जोड दिलात. बाहेरून तो कोणाला दिसला नाही.

वरवटची मावशी आपली कोणी नातेवाईक नव्हती. बाजाराच्या दिवशी ती आपल्या ओट्यासमोर वांगी आणि कांद्याची पात घेऊन बसायची, दुपारी सावली फिरली की टोपली उचलून आपल्या ओट्याखाली यायची. नवरा नव्हता, दोन मुलगे होते, विहिरीवर भाजीचा तुकडा होता. थोरला फौजेत. तो रजेवर आला तेव्हा त्याचा बिल्ला तुम्हीच लावलात. हिरव्या ढालीवर पांढरा बगळा, एका पायावर उभा. पिंपळगाव राजाचा एक हवालदारही त्याच बिल्ल्याचा. तोंडाळ माणूस. मावशीनं त्याला विचारलं तर म्हणाला, "बगळा एका पायावर काऊन उभा हाये, सांगू का? दुसरा पाय सरकारनं घरीच ठेवून ये म्हणलं." मावशीनं त्याला कांद्याच्या पातीची जुडी फेकून मारली. "मेल्या, खरं विचारून राह्यली मी, अन् तुले मस्करी सुचते?" त्यानं ती जुडी झेलली, पिशवीत टाकली आणि निघून गेला. जाताना राहिलेले बिल्ले तुमच्याजवळ ठेवून गेला. ते एका छापील कागदात गुंडाळलेले होते.

मावशीला मस्करी नको होती याला कारण होतं. धाकट्याच्या डोक्यात फौज बसली होती. एकदा तो न सांगता अकोल्याला भरतीसाठी गेला, तिनं माणूस पाठवून त्याला परत आणला. तो पुन्हा जाणार हे तिला दिसत होतं. अशात थोरल्याचं पत्र आलं की साहेबाला सांगून मी त्याला माझ्याजवळ घेतो, पाठव. म्हणजे पळून जाऊन कुठल्याही बिल्ल्याखाली जाण्यापेक्षा भावाच्या बिल्ल्याखाली. पण तो बिल्ला लढणाऱ्यांचा असेल तर दोन्ही मुलगे एकाच जागी. तसं असेल तर ती धाकट्याला बांधून ठेवणार होती, खोलीत कोंडणार होती, काहीही करणार होती. तिनं ते तुम्हाला सांगितलं तेव्हा मी ऐकलं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

बाजाराचा दिवस आहे. ऊन ओट्याच्या कडेला आलं आहे. मावशी खाली बसली आहे, तिच्या शेजारी आणखी दोघी भाजीवाल्या, एक टांगेवाला. तुम्ही मशीन थांबवता, खालच्या खणातून तो कागद काढता, मांडीवर हात पुसता आणि कागद सरळ करता. त्यावर बाहीची चित्रं आहेत, बाहीवर तोच बगळा, आणि प्रत्येक चित्राखाली बारीक इंग्रजी. तुम्ही हाक मारता. मी पडद्याबाहेर येते.

"वाच माय. बगळ्याच्या खाली काय लिवलं?"

मी कागद घेते. अक्षरं ओळखीची आहेत, शब्द नाहीत. तीन-चार बारके शब्द लागतात, त्यांचा काही अर्थ होत नाही. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत आहेत, आणि तुम्ही त्यांच्या तोंडांकडे. तुम्ही इतके खूश मला कधी दिसला नव्हतात. मी बोट ओळीवरून फिरवते. बगळा उभा आहे, उडत नाही, एवढं मला दिसतं. मी म्हणते, "हे रसदेचे लोक आहेत. सामान पोचवतात. लढाईच्या मागं राहतात."

"मांगं म्हंजे किती मांगं?" मावशी विचारते.

चित्रात बाहीवर एक तुटक रेघ आहे आणि बगळा तिच्या खाली. मी म्हणते, "ही नदी. हे नदीच्या अलीकडे."

"तसं लिवलं हाये?"

"हो."

"वाचता येते ना वं तुले बराबर?" टांगेवाला मध्येच म्हणतो.

तुम्ही त्याच्यावर डोळे वटारता. "माह्या पोरीनं वाचलं म्हंजे मी वाचलं, समजलं बे? आयकलं ना मावशी? कागदच बोलला."

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. त्या दिवशी तिनं उरलेली सगळी वांगी आपल्या ओट्यावर ठेवली. तुम्ही नको म्हणत राहिलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही उरल्यासुरल्या खाकी कपड्याची माझ्या पुस्तकांसाठी पिशवी शिवलीत, आतून निळं अस्तर, दोन खण. एक मराठीचा, एक इंग्रजीचा, असं म्हणालात. मी पिशवी घेतली.

धाकटा गेला. काही महिन्यांनी फोटो आला, दोघे भाऊ शेजारी उभे, दोघांच्या बाहीवर बगळा. मावशी तो पदराखालून आणून सगळ्यांना दाखवत होती. तुम्ही फोटो उजेडाकडे धरलात. "धाकट्यानं उजवा उलटा लावला. आला का दुरुस्त करून देईन." फोटोत तो हसत होता. त्याच्या उजव्या बाहीवरचा बगळा मागे पाहत होता.

मग तार आली. ती वरवटला गेली, आपल्याला कळायला बाजाराचा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी मावशी टोपली न घेता आली. थोरल्यानं तारेमागून पत्र पाठवलं होतं, कोणाच्या तरी हातानं, म्हणून त्यात शाई फासलेली नव्हती. नदी ओलांडताना गेला, असं त्यात होतं. बगळ्याचे लोक सगळ्यांच्या पुढे होते.

मी पडद्यामागे भाकरी थापत होते.

"तुमी म्हणलं होतं नदीच्या अलीकडं," मावशी म्हणाली. ती रडत नव्हती.

मशीन थांबलं. तुम्ही उभे राहिल्याचा आवाज आला.

"हाव," तुम्ही म्हणालात. "मी म्हणलं."

"कागदात होतं ते?"

"नाई. मले कागद वाचता येत नाई, मावशी. मी मनानंच बोललो."

"पोरीनं वाचलं ना तवा."

"पोरीले मीच सांगतलं होतं तसं म्हन म्हनून."

माझी भाकरी थापून झाली. मी ती तव्यावर टाकली. पाणी फिरवलं, उलटली, विस्तवावर धरली, ती फुगली. बाहेर यायला एवढा वेळ होता. मावशी काय म्हणाली ते सगळं मला आठवत नाही. शेवटचं आठवतं. "मी त्याले बांधून ठेवलं असतं, दादा. चांगली दोरी होती माह्यापाशी." मग ती गेली. तुम्ही आत आलात, पाटावर बसलात, आणि ती भाकरी खाल्लीत. माझ्याकडे पाहिलं नाहीत. पाणी मागितलंत, तेही भांड्याकडे बोट करून.

पट्टी तुम्ही त्याच संध्याकाळी उतरवलीत. लोक येईनासे झाले. आलेच तर दुसऱ्या शिंप्याकडे जाताना ओट्यासमोर थांबून मुद्दाम मोठ्यानं बोलत. "बगळेबुवा, आमचं पोरगं कुठं हाये सांगा जरा." तुम्ही मान खाली घालून काजं करत होतात. एकदाही कोणाला सांगितलं नाहीत की वाचलं कोणी. मलाही कधी बोलून दाखवलं नाहीत. पण त्यानंतर काकांचं पत्र आलं, तर ते घेऊन तुम्ही उन्हातून शाळेतल्या मास्तरांकडे गेलात. मी घरात होते, आणि पत्र मराठीत होतं. मी तो कागद वाचलाच नव्हता हे तुम्हाला कळलं होतं, ते मला तेव्हा कळलं. आज इतक्या वर्षांनीही मला दुसरा कोणता पुरावा लागत नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही मला अमरावतीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवलंत. गाडी यायला वेळ होता. फलाटावर तुम्ही पिशवीचा बंद ओढून पाहिलात, शिवण तपासलीत. "आता नीट शीक," म्हणालात. "येत नसन तं येत नाई म्हन. लोक हासतीन, हासू दे." एवढंच. बाहीच्या वेळी बोलला होतात त्याहून हळू.

लढाई संपल्यावर थोरला परत आला तेव्हा मी सुट्टीत घरी होते. तो ओट्यावर चढला, सदरा काढून तुमच्यासमोर टाकला. शेतात घालायला ठेवणार होता. "काका, हे काहाडा." तुम्ही ब्लेडनं एकेक टाका तोडलात. कापडाला ओढ बसू न देता, जसं तुम्ही नेहमी करत होतात. बिल्ला सुटला. खालचं कापड गर्द खाकी, नव्यासारखं. बाकीचा सदरा उन्हानं आणि धुण्यानं पांढरा पडलेला, आणि बाहीवर ढालीच्या आकाराचा तो काळसर तुकडा, कडेनं सुईची भोकं.

"हे बी काहाडा," तो म्हणाला.

"ते निंघत नाई, बाबू."

"काऊन नाई निंघत?"

"तिथलं ऊन अडलं होतं ना. घालत राह्य. उन्हानंच जाईन."

तो सदऱ्याकडे पाहत राहिला. "तो माह्या पुढं होता, काका. मी त्याले पुढं घातला नाई. सायबानं घातला." तुम्ही सदरा झटकून त्याच्या हातात दिलात. त्यानं सदरा अंगात घातला. वरची बटणं त्यानं लावली, खालची दोन तुम्ही लावलीत. तुम्हाला शिव्या द्यायला आलो होतो असं त्यानं नंतर कोणाला तरी सांगितलं म्हणे. दिल्या नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी बुलढाण्याला मास्तरीण होते. पोचले तोवर सगळं आटपलं होतं. मशीन दुसऱ्या शिंप्याला दिलं, पेटी मी आणली. त्यात माझा दाखला होता, बिल्ल्यांची पट्टी होती आणि तळाशी तो कागद होता, चार घड्या घातलेला. तुम्ही तो का जपलात, मला माहीत नाही. पुढे मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, एम.ए. झाले, मुलींना कविता शिकवल्या, इंग्रजी निबंधांतल्या चुका लाल शाईनं काढल्या. दर दिवाळीला पेटी झाडली. कागद उचलून पुन्हा ठेवला.

आज उघडला. घडीवर फाटतो आहे, पण अक्षर शाबूत आहे. त्यात बगळ्याच्या अर्थाबद्दल एक शब्द नाही. कुठली पलटण, कुठली नदी, पुढे की मागे, काही नाही. बिल्ला बाहीवर कसा शिवायचा याच्या त्या सूचना आहेत, बाबा. दोन्ही बाह्यांवर लावावा. पक्ष्याचं तोंड दोन्हीकडे पुढे असावं. कडा आत दुमडावी. दोरा बिल्ल्याच्या रंगाचा असावा. ती तुटक रेघ खांद्याची शिवण आहे, तिच्यापासून बिल्ल्यापर्यंतचं अंतर इंचांत दिलं आहे. मी पेटीतून तुमचा टेप काढला आणि माझ्या ब्लाउजवर ते अंतर मोजलं. मग त्यावर बोटं ठेवून पाहिली. माझी साडेचार बसतात. तुमची चार बसली असती.

त्या कागदातलं सगळं तुम्हाला आधीच येत होतं. मी "येत नाही" म्हणाले असते तर तुम्ही मावशीला नेहमीचं उत्तर दिलं असतंत, आणि ते खरं होतं.

हे लिहून झालं की मी ते त्याच कागदाच्या घडीत ठेवणार आहे. तुमच्यासाठी कोणी मोठ्यानं वाचायला पाहिजे, आणि मी तुमच्यासाठी वाचावं हे तुम्ही तेव्हाच बंद केलं होतंत.

एक राहिलं. तुमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी शेगावला गेले होते. मावशी बाजारात बसलेली होती, त्याच जागी, डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. आवाजावरून मला ओळखलं. चांगलं बोलली. माझी नोकरी विचारली, पगार विचारला नाही, जेवून जा म्हणाली. मग वांगी तोलता तोलता म्हणाली, "तुह्या बापाले वाचता येत नोतं, हे आमाले तवाच काऊन नाई समजलं वं?"

मी म्हणाले, "हो मावशी, त्यांना वाचता येत नव्हतं."

आणि पारड्यातलं एक किडकं वांगं बाजूला काढलं.